नव्या चुकीचा लाडू

चूक केली म्हणून लाडू देणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. लाडू राजगिऱ्याचा, स्टीलच्या डब्यातला, आणि त्याला अट एकच: चूक नवी पाहिजे. जुनीच चूक पुन्हा झाली की बाई शिट्टी अशी फुंकायच्या की समोरच्या इमारतीतली कबुतरं उडायची. पण एखादी मुलगी कधी न जमलेला पास टाकायला गेली आणि तिनं चेंडू सरळ दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीत मारला, की बाईंचा चेहरा फुलायचा. "हां! आता चुकायला लागलीस. ये, घे." 'शाब्बास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी चार वर्षांत ऐकला नाही.

त्या माझ्या घरमालकीणबाई. नोकरीसाठी मी सोलापूरहून माणला आले, तेव्हा तिथं शेतं जवळजवळ उरली नव्हती. आयटी पार्क आल्यापासून ज्यानं त्यानं आपापल्या रानात भाड्याच्या खोल्या चढवल्या होत्या. बाईंच्या दिरांनी पाच मजले बांधले. शेजारी तेवढीच जागा बाईंच्या वाट्याची. तिथंही पाच मजले उठणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाई तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्या आणि त्यांनी तिथं बास्केटबॉलचं कोर्ट घातलं.

"वहिनी, सोन्यासारखी जागा. त्याच्यावर पोरी नाचवताय," दीर म्हणायचे.

"सोनं नाचत न्हाई ना, भावजी. म्हनून पोरी," बाई म्हणायच्या.

शाळेत आयुष्य गेल्यामुळे त्यांना शुद्ध बोलता यायचं, पण ते त्या शिक्षणाधिकाऱ्यांसाठी राखून ठेवत. कोर्टावर आणि घरात अस्सल माणची भाषा. नेसायला सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि डोळे सतत समोरच्यात काहीतरी हुडकत असलेले.

खोली बघायला मी गेले, त्या दिवशी माझ्याआधी एक बँकेतले गृहस्थ येऊन बसले होते. कायमची नोकरी, बायको-मूल गावी, दारू-सिगारेट काही नाही. बाईंनी त्यांना चहा दिला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तू काय करतीस?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"म्हंजी?"

"दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधते."

"आन खेळायचीस काय?"

"कॉलेजात बास्केटबॉल. पण बेंचवरच जास्त होते."

खोली मला मिळाली. ते गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, तसं त्या म्हणाल्या, "त्यो चांगला मानूस हाय. पर त्याच्यात बगायचं काय उरलंय? समदं दिसलं की पैल्याच घोटाला."

दोन महिन्यांत मी बाईंच्या संघाची मॅनेजर झाले. म्हणजे पाण्याच्या बाटल्या, टेप, गुणफलक, आणि बाईंना स्कूटीवर मागं बसवून तालुकाभर फिरवणं.

तालुक्यातल्या खेळशिक्षकांनी आणि आयटीतल्या काही हौशी लोकांनी मिळून मुलींची एक लीग सुरू केली होती. एकवीस वर्षांच्या आतल्या मुली, सहा गावांचे सहा संघ. सगळ्या चांगल्या खेळाडू एकाच संघात जाऊ नयेत म्हणून दर वर्षी नव्या मुलींचा ड्राफ्ट व्हायचा. नाव नोंदवलेल्या मुलींमधून प्रत्येक संघानं आपला नंबर आला की एकीचं नाव पुकारायचं. आदल्या वर्षी जो संघ शेवटी, त्याला पहिला नंबर. गावात याला 'पोरींची वाटणी' म्हणत. बाई खवळायच्या. "वाटनी जिमिनीची आसती. मानसाला निवडायचं आसतं."

त्या वर्षी आम्ही शेवटी होतो. पहिला नंबर आमचा. आणि त्याच वर्षी ऋतुजा पहिल्यांदा ड्राफ्टला उभी राहणार होती.

ऋतुजा माणचीच. बारा-तेरा वर्षांची होती तेव्हापासून बाईंच्या कोर्टावर. सहा वर्षं, रोज पहाटे साडेपाचला. डाव्या हातानं, उजव्या हातानं, पळत, थांबून, कशीही टाकली तरी बास्केट. जिल्ह्याच्या संघातून खेळून आलेली. तालुक्यात तिच्या तोडीची दुसरी मुलगी नव्हती हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. बाई तिला घेणार यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी तिनं मला विचारलं, "ताई, नक्की ना?" मी हसून म्हटलं, "वेडी आहेस का? तुझंच नाव." ते वाक्य बोलल्याचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला.

मला कळायला हवं होतं. त्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही मालेला गेलो होतो, बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी वास्तुशांतीला. परतताना रस्त्याकडेच्या खाचरात एक टेम्पो उभा होता. भात झोडून झालं होतं आणि पेंढा भरणं चाललं होतं. खालून दोघं जण दोन बाजूंनी पेंढ्या वर भिरकावत होते. वर एक उंच मुलगी उभी. ती डावीकडची झेलायची, रचायची, आणि मान न वळवता उजवीकडची झेलायची. एकही खाली पडत नव्हती. खालचे दोघं दमले, ती नाही.

"थांब," बाई म्हणाल्या. मी स्कूटी थांबवली. पाऊण तास आम्ही उन्हात उभ्या होतो. मग बाईंनी काय करावं? आपली कापडी पिशवी, आत वास्तुशांतीचा प्रसाद, नारळ सगळं असलेली, त्या मुलीच्या दिशेनं काही न सांगता जोरात फेकली. मुलीनं पेंढी रचता रचता एका हातानं पिशवी धरली, आणि आली त्याच्या दुप्पट जोरानं परत फेकली. ती माझ्या पोटात बसली.

"हात बगितलंस काय?" बाई मला म्हणाल्या. मी खाली बसून श्वास घेत होते.

मुलीचं नाव काजल. बारावी झालेली. टेम्पो तिच्या वडिलांचाच. आम्ही तिथूनच तिच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची फळी. आई अंगणवाडीत सेविका, त्यामुळं त्यांनी बाईंची नीट चौकशी केली.

"हिला खेळता येतं का पर?"

"न्हाई."

"मंग कशाला नेताय?"

"येत न्हाई म्हनूनच, ताई. येत आसतं तर माजं काय काम?"

आईंनी लीगचा कागद मागून घेतला आणि पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "कालेज बुडवायचं न्हाई. आन घरी कोन आनून सोडनार?" बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. लीगचा फॉर्म बाईंनी तिथंच भरला. त्यात 'खेळाचा अनुभव' असा रकाना होता. बाईंनी लिहिलं: 'पेंढा'.

मला वाटलं, शेवटच्या फेरीत कुणी उरलं नाही की हिला घेतील. ड्राफ्ट पौडला एका मंगल कार्यालयात झाला. सहा टेबलं, सहा संघ. पिरंगुटच्या संघाचे तरुण सर लॅपटॉप घेऊन आलेले, प्रत्येक मुलीचे गुण, उंची, सगळं त्यात. ऋतुजा तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती. आमच्या संघाचा रंग पिवळा. तिनं जॅकेटच्या आत नवा पिवळा टी-शर्ट घातला होता.

माणचं नाव पुकारलं. बाई उठल्या, पदर खोचला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "माण संघाची निवड, माले गावची काजल."

कुणीतरी हसलं. एकानं मोठ्यानं विचारलं, "कोन काजल?" संयोजकांनी फॉर्म शोधून वाचला, 'पेंढा'पाशी अडखळले, आणि मग सगळं कार्यालयच हसायला लागलं. पिरंगुटच्या सरांनी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. ते जवळजवळ ओरडलेच, "ऋतुजा!"

मी मागं वळून बघितलं. ऋतुजा रडत नव्हती. तिनं जॅकेटची चेन हळूहळू गळ्यापर्यंत वर ओढली, आईचा हात धरून उठली, आणि पिरंगुटच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

परतीच्या वाटेवर मी घोटवडे फाट्याला स्कूटी थांबवली. "बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"ऋतुजा दोन वर्सानं जेवडी खेळंल, तेवडी ती आजच खेळतीया. ह्या पोरीचं आजून काय बी दिसलं न्हाई कुनाला."

"आणि सहा वर्षं?"

पदर परत खोचून त्या म्हणाल्या, "चल आता." मी पुढचे आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ऋतुजाला तीनदा फोन केला, तिनं उचलला नाही.

पहिला मोसम म्हणजे फजितीच. काजल चेंडू पेंढीसारखा छातीशी कवटाळून पळायची. टप्पा टाकायचा असतो हे तिच्या लक्षातच राहायचं नाही. पहिल्या सामन्यात सात मिनिटांत पाच फाउल करून ती बाहेर आली. पाच फाउल झाले की खेळाडूला परत आत जाता येत नाही. बाईंनी डबा उघडला आणि तिला एकदम चार लाडू दिले. पाचवा फाउल जुन्याच चुकीचा होता. आमची कॅप्टन दीपाली माझ्याजवळ येऊन दात-ओठ खात म्हणाली, "ताई, आमी काय हिचे लाडू मोजायला आलोय का?" आम्ही परत शेवटी आलो. ऋतुजाचा संघ पहिला. आमच्याविरुद्धच्या सामन्यात तिनं एकटीनं आमच्या अख्ख्या संघाइतके गुण केले, आणि एकदाही आमच्या बेंचकडं बघितलं नाही.

पण त्याच सामन्यात एकदा रिंगला लागून परत आलेला चेंडू काजलनं ऋतुजाच्या डोक्यावरून उचलला आणि न बघता लांब फेकला. तो कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला, दीपालीच्या हातात, अगदी ओंजळीत ठेवल्यासारखा जाऊन पडला. दीपाली इतकी दचकली की तिच्या हातून तो सुटला. बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या. "बगितलंस? बगितलंस का ग?" माझा दंड त्यांनी इतका दाबला की तिथं निळं झालं. राग विसरून मीही ओरडत होते.

पुढचं वर्षभर काजल रोज मालेहून एसटीनं पौडला आणि तिथून सहा आसनीत बसून माणला यायची. बाईंनी तिला तीन महिने बास्केट करूच दिली नाही. फक्त झेलायचं आणि फेकायचं. फेकायला माणसं कमी पडली की समोरच्या इमारतीतले भाडेकरू गॅलरीतून चेंडू टाकायचे. तिसऱ्या मजल्यावर झारखंडचा एक मुलगा राहायचा. तो वरून हाका मारायचा, "आंटीजी, फेकूँ?" बाई खालून, "फेको, लेकिन उसको सांगू मत!" काजल पाठमोरी उभी असायची आणि चेंडू आल्याच्या आवाजावर वळायची. हळूहळू गॅलऱ्यांमधून लोक टाळ्या वाजवायला लागले. दीरही संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे, मात्र तोंड रस्त्याकडं करून.

आणि दुसऱ्या मोसमात आम्ही जिंकायला लागलो. पहिला सामना जिंकला तेव्हा आम्हाला वाटलं चुकून जिंकलो. तिसरा जिंकल्यावर दीपाली काजलला स्वतःच्या डब्यातलं भरवायला लागली. काजल कोर्टावर कुठंही चेंडू उचलायची आणि तो जिथं जायला हवा तिथं गेलेला असायचा. एखाद्या मुलीनं पळायला सुरुवात केलेली असायची आणि तिलाच माहीत नसायचं की चेंडू तिच्या आधी निघालाय.

अंतिम सामना आमचा आणि पिरंगुटचा. माणहून दोन टेम्पो भरून माणसं आली, गॅलरीवाले भाडेकरू आले, झारखंडचा मुलगा सुट्टी टाकून आला. ऋतुजा त्या दिवशी कमाल खेळली. हे मी आमच्या बाजूची असून सांगते. तिला अडवायला दोघी, तर ती दोघींच्या मधून. सामना संपायला चार मिनिटं असताना काजलचा चौथा फाउल झाला.

"बाई, तिला बाहेर घ्या. अजून एक झाला तर संपलं!"

"आत ऱ्हाऊ दे."

"बाई!"

"आग, भ्यायली तर बाहीर घीन. ती भ्यालीय का?"

काजल भ्यायली नव्हती. ती हसत होती.

सहा सेकंद उरले तेव्हा पन्नास-पन्नास. दीपालीकडून फाउल झाला आणि ऋतुजाला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे कुणीही न अडवता रेषेवरून घ्यायचे दोन नेम. मैदान चिडीचूप. पहिला तिनं असा घातला की रिंगसुद्धा हलली नाही. एक्कावन्न-पन्नास. दुसरा रिंगच्या मागच्या कडेला लागला आणि उंच उडाला.

काजल वर गेली. दोघींच्या मधून तिचा एक हात वर आला, चेंडू त्या हाताला चिकटला, पाय जमिनीला टेकले तसा दीपालीला मारलेला तिचा "ए!" ऐकू आला, आणि चेंडू निघाला. सगळ्यांच्या डोक्यांवरून. दीपाली पळत होती, मागं न बघता, फक्त हात पुढं करून, आणि चेंडू तिच्या हातात आला. एक टप्पा, दोन पावलं, बोर्डाला लागून आत. बावन्न-एक्कावन्न. शिट्टी. मी कुणाच्या गळ्यात पडले ते मला आठवत नाही, पण नंतर कळलं की ते बाईंचे दीर होते.

बाई मात्र आमच्यात नव्हत्या. त्या कोर्ट ओलांडून पिरंगुटच्या बेंचकडं चालल्या होत्या. ऋतुजा डोक्यावर टॉवेल घेऊन एकटी बसली होती. मी धावत मागं गेले. मला भीती वाटली की बाई आता तिला काहीतरी शिकवायला जातील.

ऋतुजानं टॉवेल काढला. "बाई, सा वर्सं तुमच्या कोर्टावर घाम गाळला मी. मला का न्हाई घेतलं?"

"तुजं समदं शिकून झालं व्हतं. तुला घेतली आसती तर मी नुसती बगत बसले आसते."

"मंग तसं सांगायचं व्हतं की. आदल्या दिशी घरी यून सांगायचं. धा मिंटं बी लागत न्हाईत आमच्या घरी यायला."

बाई उभ्याच राहिल्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "निवड चुकली न्हाई माजी. पर तुला न सांगनं चुकलं. तुज्याकडं बगायचं धाडस न्हाई झालं मला." मग खाली बसून, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढल्या वर्सी तुजं वय बसनार न्हाई लीगला. माज्या कोर्टावर शिकवशील का पोरींना?"

"न्हाई," ऋतुजा म्हणाली, आणि पिशवी उचलून निघून गेली.

ती चार महिन्यांनी आली. एका सकाळी साडेपाचला कोर्टावर गेलो तर ती आधीच रिंगखाली उभी. आयटी पार्कमध्ये तिला नोकरी लागली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड. "आठ वाजेपर्यंत हाय मी," एवढंच म्हणाली. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली आणि स्वतः जाऊन पायरीवर बसल्या.

त्या वर्षीचा ड्राफ्ट हा माझा शेवटचा, कारण महिनाभरात मी बदलीवर बंगळुरूला जाणार होते. आम्ही विजेते, त्यामुळं आमचा नंबर सगळ्यांत शेवटी. बाईंनी ऋतुजाला स्वतःच्या जागी बसवलं. पण आदले आठ दिवस त्यांचं एकच पालुपद होतं: मुळशीची एक मुलगी. धरणाच्या काठावर बापाबरोबर जाळं फेकताना बाईंनी तिला पाहिलं होतं. "आग काय तिची कंबर वळती! पानी बी हलत न्हाई!" त्या मुलीनं बास्केटबॉल टीव्हीवरसुद्धा पाहिलेला नव्हता.

पाच संघांची निवड झाली. जाळंवाली कुणी घेतली नाही. बाई आनंदानं खुर्चीत मावत नव्हत्या. सहावा नंबर पुकारला. ऋतुजा उठली.

"माण संघाची निवड, अश्विनी."

अश्विनी म्हणजे माणच्या कोर्टावरचीच एक बेताची मुलगी. पाच वर्षं रोज येणारी. खेळ ठीक. कधी सामना जिंकून देणार नाही, कधी हरवणारही नाही. ती इतक्या मागच्या रांगेत बसली होती की नाव ऐकूनही उठली नाही. शेजारणीनं ढोसलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय केलंस ह्ये?" बाई दबक्या आवाजात कडाडल्या. "तिच्यात काय बगायचं हाय? पोरगी गेली की माजी हातची!"

"बाई, नव्या नियमाचा कागद वाचला न्हाई का तुमी?" ऋतुजा शांतपणे म्हणाली. "दुसरी फेरी उलटी हाय अवंदा. शेवटच्या नंबरापासनं सुरू. परत आपलाच नंबर हाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. संयोजक माईक हातात घेऊन 'दुसरी फे—' एवढंच म्हणाले असतील, तोवर बाई उभ्या राहून, शुद्ध मराठी वगैरे सगळं विसरून, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मुळशीची! ती जाळंवाली! ती आमची हाय!" नाव त्यांना आठवतच नव्हतं. पिरंगुटच्या सरांनी लॅपटॉप मिटला आणि कपाळाला हात लावला.

बाहेर पडल्यावर मी बाईंना विचारलं, "रागावलात का ऋतुजावर?"

"लई रागावले." त्या पायऱ्यांवर थांबल्या. खाली ऋतुजा अश्विनीच्या आईशी बोलत होती, आणि अश्विनी अजून रडत होती.

"तीस वर्सं पोरी निवडल्या मी," त्या म्हणाल्या. "निवडली न्हाई ती कुटं बसलीया, ह्ये वळून बगितलं न्हाई कदी. ह्या पोरीनं पैल्याच दिशी बगितलं."

मग साडी सावरत त्या भराभरा पायऱ्या उतरल्या आणि अश्विनीच्या आईसमोर जाऊन, हात जोडून उभ्या राहिल्या.